एकच शब्द, दोन पेहराव

बंगळूरला नव्याने राहावयास आलेल्या मराठी माणसास कन्नड अक्षरे जुळवून वाचता येऊ लागली, की पहिला आनंद होतो तो ओळखीचे शब्द भेटल्याचा. पाटीवर ‘दूरवाणी’ दिसते आणि हा आपला दूरध्वनी, हे कोणी सांगावे लागत नाही. सुटीच्या दिवसापुढे ‘भानुवार’ लिहिलेले असते. क्षणभर थांबून आपण रविवार समजतो. फसगत होते ती यानंतर. शेजारचे गृहस्थ ‘अवसर’ म्हणतात तेव्हा त्यांना घाई असते, संधी नव्हे. त्यांचे ‘अनुमान’ म्हणजे तर्क नसून संशय, आणि ‘अभिमानी’ म्हणजे गर्विष्ठ मनुष्य नसून एखाद्या नटाचा चाहता.

ज्यांच्या नशिबी भाषांतराचे काम आले आहे, त्यांना हीच मौज मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर त्यांनी थाई भाषेकडे वळावे. थाई ही आपल्या भाषाकुलातील नव्हे. तिचे मूळचे शब्द बहुधा एकाक्षरी, सुरागणिक अर्थ बदलणारे. विशेषण नामाच्या मागून येणारे. ‘मोठे घर’ असे ती म्हणत नाही, ‘घर मोठे’ म्हणते. परंतु थेरवादी बौद्ध भिक्षूंबरोबर तिच्याकडे पाली आली आणि ख्मेर राजदरबाराच्या वाटेने संस्कृत. दोन्हींचे शब्द तिने मनसोक्त घेतले, आणि शब्द जोडण्याची रीतही घेतली. तेथील शाळांतून मुले व्याकरणात ‘समात’ आणि ‘सोन्थि’ शिकतात. म्हणजे आपले समास आणि संधीच. अशा समासात क्रम उलटतो. विशेषण पुढे, विशेष्य मागे; त्यामुळे तो शेवटाकडून उलगडावा लागतो, आणि दोन पदांच्या मध्ये एक ‘अ’ स्पष्ट उच्चारावा लागतो.

कानाला मात्र हे शब्द चटकन ओळखू येत नाहीत. संस्कृत-पालीतील आरंभीचा प तेथे पुष्कळदा ब होतो, द चा थ होतो, ग चा ख होतो, आणि शब्दाच्या अखेरीस र किंवा ल आला तर त्याचा न होतो. नगराचे होते ‘नखोन’, देवाचे ‘थेप’. २००६ साली सुरू झालेल्या बँकॉकच्या विमानतळाचे नाव लिहितात सुवर्णभूमि आणि वाचतात ‘सुवन्नफूम’. लेखनात मूळची अक्षरे बहुतेक शाबूत असतात; न उच्चारावयाच्या अक्षरावर एक लहानसे चिन्ह देतात, त्याचे नाव ‘थन्थखात’, म्हणजे दंडघात. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते त्याला दंडा मारतात, एवढाच काय तो फरक!

ही गुरुकिल्ली हाती आली की दारे भराभर उघडतात. टेलिफोन म्हणजे ‘थोरसप’, दूर-शब्द. टेलिव्हिजन ‘थोरथत’, दूर-दर्शन. बँक ‘थनाखान’, धनागार. सरकार ‘रत्थबान’, राष्ट्रपाल. अभियांत्रिकी ‘वित्सवकम’, विश्वकर्म. या शब्दापुढे आमचा ‘अभियांत्रिकी’ मला तरी रुक्ष वाटतो. रेडिओला ते ‘वित्थयु’ म्हणतात, त्यात वीज आहे. मराठीने नभोवाणी म्हटले. येथून जवळच, म्हैसूरला, प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली जे खाजगी केंद्र उभारले त्याचे नाव आकाशवाणी होते, आणि पुढे तेच देशभर रूढ झाले. एका यंत्रासाठी एकाच भांडारातून तिघांनी तीन वस्तू उचलल्या. विसाव्या शतकात सयामला नव्या राज्यव्यवहारासाठी शब्द हवे झाले तेव्हा राजपुत्र वान वैथयाकोन यांनी असे अनेक शब्द घडविले. हेच गृहस्थ १९५६-५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. क्रांतीसाठी ‘पतिवत’ आणि सुधारणेसाठी ‘पतिरूप’ या शब्दांचे श्रेय त्यांना देतात. प्रतिरूप म्हणजे प्रतिमा, असे समजून बसलेल्या मराठी भाषांतरकाराची येथे गाळण उडते.

अशा जागा पुष्कळ आहेत. ‘बन्दित’ म्हणजे पंडित खरा, परंतु पदवी मिळालेला कोणीही. ‘रात्चकान’ म्हणजे राजकारण नव्हे, सरकारी कामकाज. एखाद्याचे वडील त्यात होते असे कळले, तर ते पुढारी नसून कचेरीत लेखनिक असण्याचाच संभव अधिक. ‘सेत्थकित’ म्हणजे अर्थव्यवस्था. त्यातील पहिले पद संस्कृत श्रेष्ठ, दुसरे पाली किच्च, म्हणजे कृत्य. आपला ‘शेठ’ याच घराण्यातला. दोन भाषांचे तुकडे असे जोडलेले पाहून संस्कृतज्ञाच्या कपाळाला आठ्या पडतील. पण आपणही अरबी जिल्ह्यास संस्कृत अधिकारी जोडून जिल्हाधिकारी बनविलाच की!

माझे लक्ष अधिक वेधले ते जोडशब्दांनी नव्हे, तर त्यांतील जुळ्या पदांनी. एकच शब्द थाई भाषेने पाली पेहरावातही घेतला आणि संस्कृत पेहरावातही, आणि दोघांना निरनिराळी कामे नेमून दिली. पाली विज्जा ती ‘विचा’, शाळेतला विषय. संस्कृत विद्या ती ‘वित्थया’, शास्त्रांच्या नावांतली. ‘चीववित्थया’ म्हणजे जीवशास्त्र. पाली रूपातली ‘कीला’ म्हणजे सर्व खेळ, संस्कृत रूपातली ‘क्रीथा’ म्हणजे केवळ मैदानी शर्यती व उड्या. सर्वांत बोलके उदाहरण राष्ट्राचे. पालीतून आलेला ‘रत’ म्हणजे राज्यसंस्था, आणि संस्कृतातून आलेला ‘रात्सदोन’ म्हणजे प्रजाजन. २४ जून १९३२ रोजी ज्यांनी तेथील अनियंत्रित राजसत्ता संपविली, त्यांच्या पक्षाचे नाव ‘खण रात्सदोन’, जनतेचा गण.

मराठीतही हे घडले आहे. क्षेत्री लोक यात्रेस जातात, शेतात नांगरावयास. क्षीर म्हणजे दूध, आणि खीर कशी करावी हे या मासिकाच्या वाचक भगिनींना मी सांगावयास नको. पण ही झीज शतकांची, कोणी ठरवून केलेली नव्हे. ठरवून झालेले एक उदाहरण मात्र आपल्या आठवणीतले आहे, आणि त्यात माझी चूक आहे.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका वाचकाचे पत्र छापावयाचे होते. पत्रात ‘धम्म’ आणि ‘भिक्खू’ हे शब्द वारंवार आले होते. मी लाल शाई घेतली आणि सर्वत्र ‘धर्म’ व ‘भिक्षू’ केले. शुद्धलेखन सुधारल्याचे समाधानही मानले. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यात राग नव्हता. मी धम्मच लिहिले होते, एवढेच त्यात होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपले आजोबा उपस्थित होते, असे.

ते कार्ड हाती घेऊन मी बराच वेळ बसलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात धर्म आणि धम्म यांतील भेद स्वतंत्रपणे मांडलेला आहे. धम्म व्यक्तीपुरता नाही, तो माणसामाणसांतील वागणुकीचा आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी नीती आहे, असे त्याचे तात्पर्य. त्या कुटुंबाच्या मराठीत ‘धर्म’ आणि ‘धम्म’ हे दोन शब्द होते, दोन अर्थांचे. मी एकाचा खून करून दुसऱ्याला त्याच्या जागी उभे केले होते, आणि तेही व्याकरणाच्या नावाने. थाई मुलाच्या वहीत ‘विचा’ खोडून ‘वित्थया’ लिहिणाऱ्या मास्तराला जे म्हणावे लागेल, ते मला लागू होते.

पुढील अंकात दुरुस्ती छापली. तीन ओळींची होती, आणि तिच्यातही जुळाऱ्याने एके ठिकाणी सवयीने ‘धर्म’ केलेच होते. मुद्रित शोधताना ते वेळीच दिसले.