बंध की बिछाना?

दिवाळीनंतर आमच्या घरी दोन महिन्यांचे पिल्लू आले. चिरंजीवांनी त्याच्यासोबत लोखंडी जाळीचा पिंजराही आणला. दुकानदाराच्या भाषेत ‘क्रेट’. तो पाहताच सासूबाईंनी विचारले, “अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला कोणता? बंध! मुक्या जिवाला कोंडण्यासाठी घरी आणलेत काय?”

मजजवळ उत्तर नव्हते. पहिल्या रात्री तर त्यांचेच म्हणणे खरे ठरले. मुलाने पिल्लाला आत ढकलले, कडी लावली आणि बैठकीतला दिवा मालवला. आई-भावंडांच्या उबेतून त्याच दिवशी तुटलेले ते पोर पहाटेपर्यंत रडत होते. तो बंधच होता, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने आरंभ केला. दार अंगावर आपटू नये म्हणून उघडेच बांधून ठेवले. आत जुने मऊ पांघरूण घातले. जेवणाची वाटी प्रथम दाराशी, मग रोज थोडी आत सरकवली. पिल्लू आपल्या पायांनी आत शिरले की उकडलेल्या लाल भोपळ्याची एक फोड मिळे. (बेदाणे मात्र चुकूनही देऊ नयेत; कुत्र्याला ते विषासमान.) आठवड्याने ते जेवत असताना दार क्षणभर लोटले आणि जेवण संपण्याआधीच उघडले. मग दोन मिनिटे, पुढे दहा. जाळीत अडकू नये म्हणून गळ्यातला पट्टा आधी काढावा. रात्री पिंजरा आमच्या पलंगालगत असतो. एवढ्या पिल्लाला लघवी दोन-तीन तासच आवरते, तेव्हा रात्री उठण्यावाचून गत्यंतर नाही. आणि चौविहार आपला, त्याचा नव्हे. तहानेल्या पिल्लाला पाणी नाकारणे हाही अतिचारच.

पिंजरा उभे राहता, वळता व पाय ताणून निजता येईल एवढा असावा. फार मोठा घेतल्यास पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. चप्पल कुरतडली म्हणून शिक्षेखातर त्यास आत टाकू नये. एकदा तसे झाले की ती जागा त्याची राहत नाही. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत पिल्लाला पिंजऱ्यात ठेवावे लागणार असेल, तर त्या घराने पिल्लू आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवा सासूबाई सामायिकाला बसल्या. 48 मिनिटांनी उठून पाहतात तो उघड्या पिंजऱ्यात पिल्लू गाढ निजलेले. त्या काही बोलल्या नाहीत. पंख्याचा वारा लागू नये म्हणून त्यांनी वरून आपली जुनी शाल पसरली. दाराची बाजू तेवढी मोकळी ठेवली.