पुंगळी अडकली म्हणून कानस नको

साताऱ्याच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या फौजी परंपरेमुळे. सातारा-सांगलीत माजी सैनिकांकडे आणि बागायतदारांकडे परवान्याची पिस्तुले आहेत. काही तर मालकापेक्षा वयाने मोठी. 1980 च्या दशकात परदेशी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आले आणि वेब्ली, ब्राउनिंगसारखी बत्तीस बोअरची पिस्तुले वडिलांकडून मुलाकडे येऊ लागली. सुटे भाग मिळणे मात्र अवघड झाले.

या पिस्तुलांची नेहमीची तक्रार एकच: गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही.

इथे नेमके काय अडकले, हे पाहण्याआधीच दुरुस्ती सुरू होते. गोळी सुटली की स्लाइड मागे येते. तिच्यावरची नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड धरून तिला चेंबरबाहेर ओढते. मागे पक्का बसवलेला इजेक्टर तिला ठोकर देतो आणि ती खिडकीतून उडते. पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर संशय झिजलेल्या नखीवर किंवा गंजलेल्या चेंबरवर घ्यावा. ती स्लाइड आणि नळीच्या मध्ये उभी अडकली, तर बहुधा स्लाइड पुरती मागे आलेली नसते. काडतूस जुने होऊन जोर गेलेला असतो, तेल सुकून चिकट झालेले असते, मनगट सैल धरलेले असते किंवा कुणीतरी जास्त कडक स्प्रिंग बसवलेली असते. इजेक्टर झिजला असला तरी हेच दिसते. म्हणून आधी काडतूस बदलावे, मग मॅगझिन, मग सफाई. भागांना हात सर्वांत शेवटी.

प्रत्यक्षात कानस आधी बाहेर येते. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नखी घासली जाते, आणि एकदा गेलेले धातूचे कण परत येत नाहीत. वेब्लीच्या बत्तीस बोअरच्या पिस्तुलाची स्प्रिंग नळीभोवती नसते. मुठीच्या उजव्या पट्टीखाली इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची असते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने ते उघडणेच धोक्याचे. शिवाय शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. लेथवरच्या कारागिराचा हात कितीही बारीक असो, हे काम त्याचे नव्हे.

दोष नेहमी पिस्तुलाच्या बांधणीतही नसतो. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस; तिथल्या दमटपणात चेंबरला तांबेरा चढायला एक पावसाळा पुरतो. जत-आटपाडीत तेलावर धूळ बसते आणि नखीच्या खाचेत घट्ट होते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या घरात गेली आणि घरेच्या घरे बुडाली. अशा पुरात भिजलेले काडतूस वरून कोरडे दिसले तरी भरवशाचे राहत नाही. त्यात निवडणुका आल्या की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलिसांकडे जमा होतात. त्या काळात त्यांना तेलपाणी कोण करणार?

दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने यावर साधी सोय करावी. शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळी पोलीस मुख्यालयातल्या आर्मोररकडून नखी, स्प्रिंग आणि चेंबरची तपासणी सक्तीची करावी. वर्षातून एकदा परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्यांना बोलावून शिबिर घ्यावे. खर्च शस्त्रमालकांनी उचलावा. त्यात अन्याय काही नाही.

शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले. त्या खेळात पिस्तूल अडकले, तर नेमबाज नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करतो आणि अधिकाऱ्याची वाट पाहतो. घरातल्या शस्त्रालाही हीच शिस्त हवी. अडकलेली पुंगळी काढण्याच्या घाईत नळी कुणाकडे तरी वळते आणि चेंबरमध्ये दुसरी गोळी असू शकते, याचा विसर पडतो.

तपासणीला जाताना पिस्तूल रिकामे करून न्यावे. सोबत त्यातून झाडलेल्या तीन-चार पुंगळ्या आणि काडतुसांचा डबाही असावा. पुंगळीच्या कडेवर नखीचा ओरखडा खोल आहे की पुसट, हे पाहूनच जाणकार निम्मे निदान करतो.