नाणेघाटाची जकात

पावसाळा लागला की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला सह्याद्रीची आठवण होते आणि शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या माथ्यावर मोटारींची रीघ लागते. जुन्नरहून घाटघरमार्गे पक्का रस्ता थेट घाटाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे चालण्याचे कष्टही उरलेले नाहीत. वाऱ्याने उलटा वर फेकला जाणारा धबधबा पाहावा, छायाचित्रे काढावीत आणि परतावे, असा हा कार्यक्रम. चार पावले खाली उतरले की महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाचे एक आरंभीचे पान दगडात कोरलेले आहे, हे यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल?

वस्तुतः हे लेणे पाहायचे तर कोकणातून चढून जावे. कल्याणहून मुरबाड-माळशेज मार्गाने वैशाखऱ्याच्या पुढे गेल्यावर वाट फुटते. आरंभी झाडीतून जाणारी ही चढण पुढे कातळातील पायऱ्यांची होते. सावकाश चालणाऱ्यालाही तीन-साडेतीन तास पुरतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जाई तो याच वाटेने. ओझ्याच्या जनावरांचे येथे काय होत असेल, हे पोटऱ्या भरून आल्यावरच उमजते. मोटारीतून उतरलेल्यास ते उमजण्याचा संभव नाही.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. बाजूच्या भिंतींवर नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख आहे. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकातील असावा, असे सामान्यतः मानले जाते. यज्ञांची आणि दानांची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, आणि एके ठिकाणी २४,४०० कार्षापणांची दक्षिणा. भारतातील अतिप्राचीन अंकलेखनाचा हा एक मोलाचा पुरावा होय. यज्ञांचे पुण्य ज्याचे त्याला लाभो. एवढे धन राजकुलाच्या हाती कोठून आले, हा प्रश्न मात्र घाटातच सुटतो. माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे परंपरा सांगते.

पण जकात म्हणजे निव्वळ वसुली नव्हे. खोदलेली वाट आणि ठिकठिकाणच्या पाण्याच्या पोढ्या हा त्या व्यवहाराचा दुसरा पक्ष होता. त्यांतील एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा छोटा लेख येथेच आहे. जो वाटेचा उपयोग करतो त्याने वाटेसाठी काही द्यावे, हा हिशेब त्या काळी समजत होता.

आज तो उलटा झाला आहे. शहरातून येणारा आपले खाद्यपेय बरोबर आणतो, गावात दमडी खर्चत नाही आणि प्लास्टिक मात्र पोढीत टाकून जातो. लाभ त्याचा, खर्च घाटघरच्या माथी. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम असे सौम्य नाव आहे. गावकरी अधिक नेमका शब्द वापरत असतील. भिंतींवर नावे कोरणारे शूर वेगळेच. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यातील शिक्षा २०१० मध्ये वाढवून दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी करण्यात आली, तरी लेण्याशी पहारेकरी नसेल तर कायदा कागदावरच राहणार. वाहनामागे शुल्क घ्यावे, ही सूचना त्यामुळे अवाजवी नाही. तथापि त्या पैशाचा हिशेब मुंबईच्या कचेरीत नव्हे, घाटघरच्या चावडीवर लागला पाहिजे. त्यातून एक राखणदार आणि कचरा उचलणारी दोन माणसे ठेवता आली तरी पुष्कळ झाले.

शासन हे करील तेव्हा करो. सहल आखणाऱ्याला तोवर थांबण्याचे कारण नाही. पाऊस सरल्यावर, कार्तिकात किंवा मार्गशीर्षात, गर्दी नसलेला मधला वार निवडावा. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातला माणूस घ्यावा व त्याला त्याच्या दिवसाची पुरी मजुरी द्यावी. दुपारची भाकरी घाटघरात आदल्या दिवशी सांगून ठेवावी. ऐन वेळी दहा माणसांचे पीठ कोणाच्या घरी मळलेले नसते. पाणी मात्र खालूनच दोन-तीन लिटर न्यावे. उतरताना पायऱ्यांवर अंधार गाठू नये, म्हणून तीन वाजताच माथा सोडावा, आणि वैशाखऱ्याहून कल्याणकडे जाणारी शेवटची एस. टी. किती वाजता आहे हे चढायला लागण्यापूर्वीच विचारून घ्यावे.