उन्हाळा आपला, पडदा कुणाचा?

कोल्हापूरला कलापूर म्हणायची रीत आहे. सत्काराच्या भाषणात, स्टुडिओच्या आठवणी काढताना हा शब्द हमखास येतो. ऐकायला गोड लागतो. पण दोस्तहो, या कलापुराच्या नकाशावर आपली वस्ती कुठाय? उन्हाळ्याचे अडीच महिने जी वस्ती रात्र रात्र जागते, गाते, भांडते, पथनाट्यं करते, तिचं नाव कलेच्या खात्यावर का पडत नाही? नाट्यगृहात झालं तर तो महोत्सव. वस्तीत झालं तर ती जयंती. ही वाटणी कुणी केली? आणि आपण ती गपगुमान मान्य कशी केली?

आपला उन्हाळा पंचांगातून येत नाही. 11 एप्रिलला जोतीराव, 14 एप्रिलला बाबासाहेब, मग बुद्धपौर्णिमा, 6 मे शाहूंचा स्मृतिदिन, 26 जून त्यांची जयंती. त्याच्या अगोदर मार्चमध्ये 1920 च्या माणगाव परिषदेची आठवण. शाळेला सुट्टी, पोरं मोकळी, रात्री गार वारं, फक्त वळवाची भीती. एवढा सलग, एवढा माणसांनी भरलेला सांस्कृतिक हंगाम या शहरात दुसऱ्या कुणाकडं आहे? आणि याला सरकारी अनुदान नव्हतं की कुणा शेठचा आशीर्वाद. जलशानं हा हंगाम उभा केला. सत्यशोधकी जलसा, मग आंबेडकरी जलसा. डफ, ढोलकी आणि पोटातला जाळ, एवढ्या भांडवलावर.

आता त्याच उन्हाळ्याचं काय चाललंय, उघड्या डोळ्यांनी बघा.

एकानं डॉल्बी दिली. दुसऱ्यानं चौकातलं डिजिटल दिलं. तिसऱ्यानं लेझर लाईट. डिजिटलवर बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढे आणि खाली गॉगल लावलेला साहेब पुरुषभर उंच. फुकट मिळालं म्हणून मंडळ खूश. पण फुकट काही मिळत नसतं, लेकांनो! ज्यानं डॉल्बी दिली त्यानं तुमचा आवाज घेतला. त्या आवाजात कोण बोलणार आणि कोण ऐकणार? म्हातारी माणसं दारं लावून छातीवर हात ठेवून बसतात. आणि एखाद्या पोरानं म्हणावं, 'यंदा फँड्री दाखवू या, नंतर चर्चा घेऊ या', की लगेच निरोप येतो: वाद नको, ऑर्केस्ट्रा ठेवा. नागराज मंजुळेंच्या 2013 च्या त्या सिनेमात शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट बघणाऱ्यावर येतो. साहेबाला तो दगड कसा परवडेल? सफाई कामगाराचा पगार, गायरानाचा प्रश्न, आंतरजातीय लग्न केलेल्या पोरापोरींचे मुडदे, यातलं काहीही त्याच्या पैशानं पडद्यावर येणार नाही. ऐन 14 एप्रिलला आपण आपलंच तोंड भाड्यानं देतोय.

कुणी म्हणेल, सिनेमा-बिनेमा हे पैसेवाल्यांचं काम. खोटं आहे. कोल्हापूरच्या सिनेमाची नाळ बघा. बाबूराव पेंटर हे सुताराच्या घरातले. परदेशातून कॅमेरा येईना तेव्हा सोबत्यांना घेऊन त्यांनी इथंच कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीला पैसा दिला तो गायिका तानीबाई कागलकरांनी. एका गाणाऱ्या बाईच्या कमाईवर या शहराचा सिनेमा उभा राहिलाय, हे किती भाषणांत सांगतात? 1920 च्या 'सैरंध्री'त ज्या दोन बायांनी काम केलं त्यांना त्यांच्या माणसांनी वाळीत टाकलं, कंपनीच्या आवारात राहायची पाळी आली. आणि 1925 चा 'सावकारी पाश'? सावकारानं जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची गोष्ट. देवादिकांच्या सिनेमांची चलती असताना हा माणूस कर्जात बुडालेला कुणबी पडद्यावर आणतो! ही परंपरा आपली आहे. ती पांढरपेशांनी सत्काराच्या हारात गुंडाळून ठेवलीय, एवढंच.

आणि मोठमोठ्या वास्तूंचं काय झालं तेही बघा. 2022 साली जयप्रभा स्टुडिओची जागा विकल्याचं बाहेर आलं, तेव्हा कलावंतांना दारात साखळी उपोषणाला बसावं लागलं. ज्याच्या नावावर खरेदीखत त्याची कला, हा या व्यवस्थेचा कायदा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहूंनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली वास्तू. शहर रडलं, आपणही हळहळलो. शाहूंचं होतं, म्हणजे आपलंच होतं. ते पुन्हा उभं राहायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ध्यानात घ्या, ज्याची कला एका इमारतीत राहते त्याला इमारत जळाली की बेघर व्हावं लागतं. आपली कला चौकात वाढली. चौक जळत नाही. चौक विकला जातो. तो कसा, हे वर सांगितलंच.

मग पैसा कुठनं आणायचा? हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देणार नाही. कुणी असंही म्हणेल, शाहू महाराजांनी नाही का कलावंतांना आश्रय दिला? दिला. पण शाहूंचं देणं कसलं होतं ते गंगाराम कांबळेंना आठवून बघा. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी स्वतःचा धंदा काढायला लावला, भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान निघालं, आणि महाराज स्वतः तिथं येऊन चहा प्याले, बरोबरच्यांनाही प्यायला लावलं. घेणाऱ्याचा कणा ताठ होतो ते देणं. घेणाऱ्याची मान वाकते ती खरेदी. शाहूंचं सर्वांत आधीचं स्मारक म्हणून नर्सरी बागेतल्या ज्या स्मारकाचं नाव घेतात, ते याच गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलं. बिंदू चौकात जोतीरावांच्या शेजारी बाबासाहेबांचा पुतळा 9 डिसेंबर 1950 ला उभा राहिला, बाबासाहेब हयात असताना. 1999 साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं, बाबूराव बागूल अध्यक्ष. सरकारी थैलीवर चालणाऱ्या संमेलनाला उत्तर म्हणून या चळवळीनं मूठभर धान्य आणि एक रुपया मागितला. ही आपली अर्थव्यवस्था. पावती पुस्तक हे आपलं हत्यार आहे. ज्या घरानं दहा रुपये दिले, ते घर कार्यक्रमाचा जाब विचारतं. विचारू दे! तेच पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, पैशाइतकीच मोलाची. आपण करतो, पण ठेवत नाही.

ज्यांच्या नावावरनं आपल्याकडं 1972 साली पँथर जन्मली, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं उदाहरण घ्या. 1969 चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्या वस्तीतल्या बागेत, सहा रविवार फुकट गाण्यांचा महोत्सव झाला. सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास लोक. नगरपालिकेचा पाठिंबा होता, कॉफीच्या एका कंपनीचा पैसा होता. सगळं कॅमेऱ्यानं टिपलं. पण ते विकत घ्यायला कुणी पुढं आलं नाही. तळघरात रिळं पडून राहिली, पन्नास वर्षं! त्याच उन्हाळ्यातल्या वुडस्टॉकचा सिनेमा 1970 साली आला आणि जगाला पाठ झाला. हार्लेमचा सिनेमा 2021 साली आला, 2022 ला त्याला ऑस्कर मिळालं. प्रायोजकाच्या पैशानं रविवार साजरे झाले, आठवण मात्र सांभाळली गेली नाही. तानीबाईंच्या पैशानं उभ्या राहिलेल्या कंपनीचे बहुतेक मूकपट तरी आज कुठं आहेत? गेले. आपल्या जलशांचं, शाहिरांचं, गल्लीतल्या नाटकांचं काय झालं? ऐकणारी पिढी मेली की गाणंही मेलं.

म्हणून चेन्नईकडं बघा. मल्याळी सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी. दलित बाई. तिनं पडद्यावर नायर स्त्री साकारली म्हणून तिला गाव सोडायला लावलं. पुसून टाकलेल्या त्याच बाईच्या नावानं दिग्दर्शक पा. रंजित यांची नीलम ही संस्था चित्रपट महोत्सव भरवते, एप्रिल महिना दलित इतिहासाचा महिना म्हणून कलांनी भरून टाकते. आपल्याकडचंही घ्या. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा 2011 चा माहितीपट. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी दहा माणसं गोळ्या घालून मारली, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला, तिथून तो सुरू होतो. चौदा वर्षं तो तयार होत होता. तीन तासांहून मोठा सिनेमा. तो वस्त्यावस्त्यांत उघड्यावर दाखवला, आणि माणसांनी बसून बघितला. आपल्या लोकांना नाचच पाहिजे असतो म्हणणाऱ्यांनी जरा तोंड सांभाळावं.

तेव्हा या उन्हाळ्यासाठी रोखठोक सांगतो.

डॉल्बीचा एका रात्रीचा खर्च वाचवा. भाड्याचा प्रोजेक्टर, एक पांढरी चादर, दोन स्पीकर, झालं थिएटर. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा कायदा आहे, म्हणून अंधार पडला की लगेच सुरू करा. वळीव आला तर समाजमंदिरात शिरा. सिनेमा करणाऱ्याला विचारूनच सिनेमा दाखवा; चोरी आपल्याला नको, मागितलं तर देणारे पुष्कळ आहेत. पुढच्या रांगा बायांना. सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा बाई बोलेल, मग पोरगी, पुढारी शेवटी, तेही पाच मिनिटं. डिजिटलवर कुणाच्याही जिवंत थोबाडाचा फोटो नको. जमाखर्च दुसऱ्या दिवशी भिंतीवर. आणि प्रत्येक कार्यक्रम टिपून ठेवा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हाताऱ्या शाहिराला बसवून त्याची गाणी उतरवून घ्या, तारीख घाला, नाव घाला, वस्तीच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. बाबूराव पेंटरांना कॅमेरा घडवावा लागला होता. तुमच्या हातात आयता आहे, आणि तुम्ही त्यात साहेबाबरोबरचा सेल्फी काढताय!

शहरात फिल्म फेस्टिव्हल होतात. जा, बघा, शिका. पण तिथं खुर्ची मिळाली म्हणजे पडदा मिळाला, असं समजू नका. पडदा तेव्हाच आपला, जेव्हा तो टांगायची दोरी आपल्या पैशाची असते.

14 तारखेच्या आधी मंडळाची बैठक होईल. कुणीतरी म्हणेल, 'अमुक साहेब सगळा खर्च उचलायला तयार हाईत.' त्या वेळी एकानं तरी उभं राहून पावती पुस्तक टेबलावर आपटलं पाहिजे.

तो एक तूच हो.