पेप्टाइडच्या डब्यावर काय लिहायला हवं

"हे घेतलं की गुडघ्यातलं वंगण वाढतं ना हो?" कोलॅजन पेप्टाइडचा डबा हातात धरून माझ्या औषधाच्या दुकानात हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक पेन्शनर असतात आणि डबा महाग असतो. म्हणून सरळ हो म्हणणं माझ्या जिवावर येतं.

माझ्या फ्रिजमध्ये इन्शुलिन आहे. ती 51 अमिनो आम्लांची रचना. गिळली तर पोटात आणि आतड्यात तिचे तुकडे होतात, म्हणून सुई टोचावी लागते. मागच्या खणातली सेफॅलेक्सिनची कॅप्सूल मात्र पाण्याबरोबर घेतली की काम होतं. या प्रतिजैविकाची घडण छोट्या पेप्टाइडसारखी, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीसारखी असल्यामुळे लहान आतड्याच्या पेशींवरचं पेप्ट-1 हे वाहक प्रथिन त्याला आत घेतं. अन्नातल्या प्रथिनांचे तुकडेही तिथूनच जातात, पण फक्त दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे. हायड्रोजन आयन पेशीत शिरतात, त्यांच्या जोरावर तुकडाही आत ओढला जातो. लांब साखळ्यांना ही वाट बंद. आत आलेले बहुतेक तुकडेही पेशीतच फुटतात.

तरी 'प्रथिन कुठलंही असो, सगळं सुटं होऊनच रक्तात जातं' हे सरसकट विधान मला मान्य नाही. हार्टनप नावाच्या आनुवंशिक आजारात काही अमिनो आम्लं सुटी दिली तर आतडं ती नीट घेत नाही. जोडीनं दिली की घेतं. कोलॅजनमधली प्रोलीन-हायड्रॉक्सिप्रोलीन ही जोडीही चिवट आहे. जपानी संशोधकांनी 2005 मध्ये ती माणसांच्या रक्तात अखंड दाखवली.

पण रक्तात दिसणं म्हणजे गुडघा बरा होणं नव्हे. दुधातली व्हीपीपी आणि आयपीपी ही पेप्टाइडं परीक्षानळीत रक्तदाब वाढवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. तरी रक्तदाबाबाबतचा त्यांचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2012 मध्ये पुराव्याअभावी स्वीकारला नाही.

आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेनंही तेवढंच कडक व्हावं. चमच्यात कोणतं पेप्टाइड, किती मिलिग्रॅम आणि माणसांवरच्या चाचणीत त्यानं नेमकं काय साधलं, हे डब्यावर मराठीत छापायला लावावं. चाचणीच झाली नसेल, तर गुडघ्याचं चित्र काढून टाकावं.