बाटलीवर जव आहे, मका आहे. ज्वारी कुठे आहे?



दारूची भलामण करायला आम्ही हे लिहीत नाही. दारूने मोडलेली घरे आपल्या गावोगाव आहेत. त्यांचा हिशेब वेगळा मांडावाच लागेल. आजचा प्रश्न धान्याचा आहे. शहरातली शौकीन मंडळी व्हिस्की पारखतात म्हणजे काय पारखतात, हे धान्य पिकवणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडी व्हिस्की ओततात. आधी वास, मग पाण्याचे दोन थेंब, पुन्हा वास आणि शेवटी घोट. त्या घोटात काय असते? स्कॉटलंडची सिंगल माल्ट फक्त मोड आणून वाळवलेल्या जवाची. आयला बेटावर ते जव बहुधा पीटच्या, म्हणजे दलदलीत साठलेल्या झाडपाल्याच्या सरपणाच्या, धुरावर वाळवतात. तो धूर पेल्यात उतरतो. आयर्लंडमध्ये १७८५ साली मोडाच्या जवावर कर बसला, तेव्हा बिनमोडाचे जव मिसळण्याची रीत वाढली. करापायी रुजलेली ती चव आज त्यांची शान आहे. अमेरिकेच्या बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवलीच पाहिजे, असा तिथला कायदा. राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय. ती चवीला तिखटसर.

म्हणजे व्हिस्की निवडणे हे आधी धान्य निवडणे आहे. त्या देशांनी आपल्या पिकाचे नाव कायद्यात लिहून ठेवले.

आणि आपल्याकडे? युरोपात धान्याशिवाय व्हिस्की हे नाव लावता येत नाही. इथे उसाच्या मळीच्या स्पिरिटालाही ते लावण्याची मोकळीक आहे. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती जाहीर केल्या. पावसात काळी पडलेली ज्वारी खपेल, शेतकऱ्याचे भले होईल, असे सांगितले गेले. सवलत कारखान्याला, कारण शेतकऱ्याचे! ते स्पिरिट इतके गाळतात की धान्याची चवच उरत नाही. शेतात ज्वारी, बाजारात ‘डागी माल’ आणि बाटलीवर विलायती थाटाचे नाव. ज्वारी कुठे गेली?

ज्वारी हलकी म्हणून असे होते, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. चीनची माओताई ही व्हिस्की नव्हे, पण ती लाल ज्वारीचीच दारू. २०१७ साली तिची कंपनी बाजारमूल्यात जगातली सर्वांत मोठी दारू कंपनी ठरली. तिथे ज्वारी ही प्रतिष्ठा; इथे ती नाइलाज.

नाव आले की भाव आपोआप येईल, अशी भाबडी आशा आम्ही दाखवणार नाही. पण नावच नसेल तर भाव कशाच्या जोरावर मागायचा?

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडू. पहिला: व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर मळी की धान्य, कोणते धान्य आणि किती टक्के, हे ठळक मराठीत छापलेच पाहिजे. दुसरा: ज्वारी घेणाऱ्या कारखान्याने वाण आणि प्रत पाहून भाव पेरणीआधी जाहीर करावा. सरसकट ‘डागी’ म्हणून भाव पाडणे बंद झाले पाहिजे.

चव घेणाऱ्याला धान्य कळते. ते पिकवणाऱ्याचे नाव मात्र त्याला कळू द्यायचे नाही, हा खेळ आता थांबवू या.