प्रिंटर झोपला तर झोपू दे, पण गेटवर वॉचमन हवा

शनिवारी सकाळी चिंचवडमधल्या कुठल्याही सोसायटीत एक संवाद हमखास ऐकू येतो. "अरे, मोबाईलला प्रिंटर दिसत नाहीये." "आई, तू काहीतरी दाबलं असशील!" मग चिरंजीव उठतात, प्रिंटरचं बटण दाबतात, प्रिंट निघते आणि आईनेच काहीतरी दाबलं होतं यावर शिक्कामोर्तब होतं. माझं स्पष्ट मत आहे की या खटल्यात आई निर्दोष आहे.

होतं काय, ते बघू. मोबाईलवर 'प्रिंट' म्हटलं की फोन सगळ्या घराला हाळी देतो, "कोणी प्रिंटर आहे का इथे?" आपल्या धंद्याच्या भाषेत ही एमडीएनएसची मल्टिकास्ट क्वेरी, पत्ता २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३. ॲपलने २०१० मध्ये आयओएस ४.२ बरोबर आणलेलं एअरप्रिंट याच हाळीवर चालतं. आता प्रिंटर झोपलाय, त्याची वाय-फाय चिप वीज वाचवायला मधूनमधूनच डोळे उघडते. काही राऊटर मल्टिकास्ट पुढे पोचवायला टंगळमंगळ करतात. हाळी हुकली, की फोनच्या लेखी घरात प्रिंटरच नाही!

त्यात आपल्याकडचा गुरुवार. देखभालीसाठी वीज जाते, परत येते, आणि राऊटर नव्याने पत्ते वाटायला बसतो. काल शेवटी १०५ असलेला प्रिंटर आज १०८ होतो. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

झोपण्याला माझा विरोध नाही. युरोपने २००८ मध्ये स्टँडबायच्या विजेवर मर्यादा घातली, २०१३ मध्ये नेटवर्कवरच्या यंत्रांसाठीही नियम केले, ते योग्यच होतं. एका घरात पाच वॅट म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन युनिट. किरकोळ वाटेल, पण कोट्यवधी घरांनी गुणून बघा.

आक्षेप आहे तो न सांगता झोपण्याला. एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीत सुट्टीच्या दिवशी मशिन्स बंद असतात, पण गेटवर वॉचमन असतोच ना? ट्रक आला तर "साहेबांना उठवतो, थांबा" म्हणायला कोणीतरी लागतं. गंमत म्हणजे हा वॉचमन कधीच शोधून झालाय. २००९ मध्ये ॲपलने स्नो लेपर्डमध्ये 'स्लीप प्रॉक्सी' आणली. मॅक झोपायच्या आधी आपलं नाव-गाव जाग्या राऊटरकडे देऊन ठेवायचा. कोणी विचारलं की राऊटर त्याच्या वतीने उत्तर द्यायचा आणि गरज पडली तर त्याला उठवायचा. इतकी साधी गोष्ट घरोघरच्या प्रिंटर-राऊटरच्या जोडीत सर्रास का नसावी?

"एवढं काय त्यात, खाली झेरॉक्सवाला आहे की!" असं कोणी म्हणेल. बरोबर. पण तिथे आपण काय करतो? आधार, पॅन, भाडेकराराची पीडीएफ दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करतो. प्रिंट दहा रुपयांत मिळते, फाईल मात्र तिथेच राहते. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स सरसकट कोणाला देऊ नका आणि सायबर कॅफेत ई-आधार डाऊनलोड करणं टाळा, असं सांगितलं होतं. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. पत्रक गेलं, पण धोका काही गेला नाही. घरात प्रिंटर असून आईने आपलं आधार परक्याच्या फोनवर पाठवायचं, याला काय अर्थ आहे?

कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. या वीकेंडला अर्धा तास काढा:

१. राऊटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा (डीएचसीपी रिझर्व्हेशन). गुरुवारची कटकट संपली.
२. कॉम्प्युटरवर आणि जमेल त्या फोनवर प्रिंटर त्या पत्त्यानेच जोडा. हाळीच्या भरवशावर राहू नका.
३. 'स्लीप' आणि 'ऑटो-ऑफ' या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. स्लीपमधून प्रिंटर उठू शकतो. ऑटो-ऑफने पूर्ण बंद झालेल्या प्रिंटरला फोन उठवू शकत नाही. ऑटो-ऑफ बंद करा, स्लीप राहू दे.
४. फोन गेस्ट वाय-फायवर नाही ना, बघा. गेस्टवरून घरातली यंत्रं सहसा दिसतच नाहीत.

जी वस्तू वापरायला घरात एक इंजिनियर पाळावा लागतो, ती वस्तू घरगुती नव्हे, असं आपलं माझं मत. वर्षाचे बारा महिने आपण ऑफिसात दुसऱ्यांचे सर्व्हर चोवीस तास जागे ठेवतो. घरच्या एका प्रिंटरला इतकं जागं ठेवायला हरकत नसावी, की आईने 'प्रिंट' दाबल्यावर तिला कोणालाही हाक मारावी लागू नये.